नव्या टायरचे पैसे

गाडी चार चाकांवर चालते. पण पुष्कळांचे घर गाडीच्या कमाईवर चालते. टायर संपला म्हणजे गाडी थांबते. गाडी थांबली म्हणजे कमाई थांबते. म्हणून टायरची काळजी ही घराचीही काळजी आहे.

नागपूरला प्रताप नगर, खामला, त्रिमूर्ती नगर या भागांत भाड्याची गाडी चालवणारे पुष्कळ आहेत. कोणी विमानतळावर उतारू सोडतो, कोणी मिहानच्या कामगारांना नेतो-आणतो, तर कोणी वर्धा-रामटेकच्या फेऱ्या करतो. या सगळ्यांना वर्ष-दीड वर्षाने एक अडचण येतेच. टायर गुळगुळीत होतात, आणि नेमके तेव्हाच हातात पैसे नसतात. मग कसं करायचं?

या धड्यात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. टायर कधी बदलावा? त्याचे पैसे कोठून आणावेत? आणि हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी काय वाचावे? हिशेब सोपे आहेत. वही-पेन्सिल जवळ ठेवा. आमच्याबरोबर तुम्हीही आकडे मांडा.

१. टायर कधी बदलावा?

नव्या टायरच्या अंगावर खोल खाचा असतात. त्या शोभेसाठी नसतात. पावसात रस्त्यावरचे पाणी या खाचांतून बाहेर फेकले जाते. त्यामुळे रबर रस्त्याला धरून राहते. खाचा झिजल्या की पाणी टायरखाली अडकते. मग ब्रेक दाबला तरी गाडी घसरत जाते.

खाच किती झिजू द्यावी याची हद्द सरकारने ठरवली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत ती दिली आहे. मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे. दुचाकी व तीनचाकी गाडीला हीच हद्द ०.८ मिलिमीटर आहे.

ही खोली मोजायला पट्टी लागत नाही. खाचेत वाकून पाहा. तळाशी जागोजागी रबराचे लहान उंचवटे दिसतील. वरचे रबर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आले, की टायरचे आयुष्य संपले असे समजावे.

खाच चांगली आहे, पण टायरच्या बाजूला फुगवटा आला आहे, चीर गेली आहे किंवा आतले तार-धागे दिसू लागले आहेत, तर तोही टायर काढून टाकावा.

आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो हे तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. रस्ता तापतो. टायरमध्ये हवा कमी असली, तर चाक फिरताना टायरची बाजू पुन्हा पुन्हा दबते आणि आतून आणखी तापते. त्यात जादा ओझे आणि जादा वेग. ऊन, कमी हवा, ओझे आणि वेग हे चौघे एकत्र आले, की झिजलेला टायर फुटायला वेळ लागत नाही.

समृद्धी महामार्ग आपल्या भागापासून फार दूर नाही. त्याचे नागपूरचे टोक शिवमडका येथे आहे. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ पासून सुरू झाला. तेथे मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेग घेता येतो. एवढ्या वेगात टायर फुटला तर गाडी सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून २०२३ साली परिवहन खात्याने या रस्त्याच्या तोंडाशी टायर तपासणे सुरू केले. गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. भाडे बुडाले म्हणून कोणाला राग आला असेल. पण बुडालेले भाडे उद्या भरून निघते. गेलेला माणूस भरून निघत नाही.

तेव्हा आमचा पहिला सल्ला हा : पैसे नाहीत म्हणून संपलेल्या टायरवर गाडी चालवू नका. वेळ पडली तर कर्ज काढा, पण टायर बदला. कर्ज काढण्यात कमीपणा नाही. न वाचता सही करण्यात मात्र धोका आहे.

२. किती पैसे लागतील?

पैसे मागायला जाण्यापूर्वी गरज नेमकी किती आहे ते ठरवावे. गरज ठरली नाही, तर दुकानदार ठरवतो.

चारही टायर सारखे झिजतात असे नाही. प्रत्येक चाक पाहा. दोनच टायर संपले असतील, तर दोनच घ्या. मात्र एका आसावरचे दोन्ही टायर एकदम बदला. एक नवा आणि एक जुना अशी जोडी लावू नये. नवी जोडी मागच्या चाकांना लावावी, असे टायर बनवणारे सांगतात. मागची चाके घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि ती आवरणे फार कठीण जाते.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ते वाचा. २३२५ असे आकडे असतील, तर तो टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला आहे. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. रबर नुसते पडून राहिले तरी कडक होते. म्हणून दोन-तीन वर्षे दुकानात पडलेला टायर नव्याच्या भावाने घेऊ नये. टायरवर आयएसआयची खूण आहे की नाही, तेही पाहावे.

पक्के बिल घ्या. मोटारीच्या नव्या टायरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे १०० रुपयांच्या मालाला पूर्वी १२८ रुपये पडत, ते आता ११८ पडतात. बिलावर कर किती लावला ते वाचून घ्या. बिल नसेल, तर टायर लवकर खराब झाल्यावर कंपनीकडे तक्रार करता येत नाही.

आता आपण एक हिशेब धरू. हे आकडे उदाहरणापुरते आहेत. तुमच्या गाडीप्रमाणे ते कमी-जास्त होतील.

चार टायर, प्रत्येकी ४,२५० रुपये : १७,००० रुपये
बसवणे, बॅलन्सिंग, अलाइनमेंट : १,००० रुपये
एकूण : १८,००० रुपये

३. शून्य व्याजाची गोष्ट

समजा, प्रताप नगरातला एक गाडीवाला भाऊ आणि त्याची बायको टायरच्या दुकानात गेली आहेत. बायको घरचा हिशेब ठेवते. दुकानदार बोलण्यात हुशार आहे.

दुकानदार म्हणाला, "काऊन चिंता करता, भाऊ? आज एक पैसा देऊ नका. सहा हप्ते करून देतो. तीन-तीन हजार रुपये. व्याज शून्य!"

भाऊला बरे वाटले. तो पेन काढू लागला. बायको म्हणाली, "अहो, थांबा जरा." मग तिने दुकानदाराला विचारले, "आणि आम्ही रोख दिले, तर कितीला द्याल?"

दुकानदार थोडा घुटमळला. "रोखीत, वहिनी, सोळा हजार आठशेला करून देईन."

"हप्त्याच्या कागदाला काही खर्च?"

"तो तर लागतोच. तीनशे रुपये. वर त्याचा जीएसटी, चोपन्न रुपये. आज भरून द्या."

बायकोने वहीत आकडे मांडले.

सहा हप्ते, ३,००० प्रमाणे : १८,००० रुपये
कागदाचा खर्च : ३५४ रुपये
हप्त्याने एकूण : १८,३५४ रुपये
रोखीने : १६,८०० रुपये
फरक : १,५५४ रुपये

ती म्हणाली, "हे पंधराशे चोपन्न रुपये कशाचे? व्याज तर शून्य सांगून राहिले तुम्ही."

दुकानदार हसला. हसण्यापलीकडे त्याच्याकडे उत्तर नव्हते. रोखीची सूट गेली, तेच व्याज. कागदाचा खर्च भरला, तेही व्याज. फक्त त्याला व्याज म्हटले नाही. आम्ही हा हिशेब वर्षाच्या दराने करून पाहिला. तो सुमारे ३२ टक्के पडतो. शून्य कोठे आणि बत्तीस कोठे!

ही गोष्ट आम्हीच म्हणतो असे नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना एक परिपत्रक पाठवले. शून्य टक्के व्याज अशी वस्तू मुळात नसतेच, असे तिने त्यात बजावले. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत व्याज बहुधा दुसऱ्या खर्चाच्या नावाखाली ग्राहकाकडूनच घेतले जाते, हेही सांगितले.

कधी कधी कंपनी खरोखरच सूट देते, आणि रोखीचा व हप्त्याचा भाव एकच असतो. कागदाचा खर्चही नसतो. तसे असेल तर हप्ते जरूर घ्यावेत. पण ते कळण्यासाठी आधी एकच प्रश्न विचारावा : "रोख दिले तर कितीला?" हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

४. एकच दर, दोन हिशेब

आता समजा, भाऊने दुकानातले हप्ते न घेता १८,००० रुपये कर्ज काढायचे ठरवले. मुदत बारा महिने. दोन ठिकाणी चौकशी केली. दोन्हीकडे उत्तर मिळाले, "बारा टक्के." मग दोन्ही सारखेच का? नाही.

पहिल्या ठिकाणी सपाट दर आहे. त्याला फ्लॅट म्हणतात. तेथे पूर्ण १८,००० रुपयांवर पूर्ण वर्षाचे व्याज लावतात.

१८,००० चे १२ टक्के : २,१६० रुपये व्याज
एकूण फेड : २०,१६० रुपये
महिन्याचा हप्ता : १,६८० रुपये

दुसऱ्या ठिकाणी घटत्या शिलकीवर व्याज आहे. दर महिन्याला जेवढे मुद्दल बाकी राहील, तेवढ्यावरच ते लावतात.

महिन्याचा हप्ता : सुमारे १,६०० रुपये
वर्षाचे व्याज : सुमारे १,१९० रुपये

तोंडी दर दोन्हीकडे बाराच. पण व्याज एकीकडे २,१६० आणि दुसरीकडे १,१९०. फरक सुमारे ९७० रुपये. असे का होते? पहिल्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे १८,००० रुपये असतात. पुढे प्रत्येक हप्त्यात थोडे मुद्दल तुम्ही परत देता. शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे दीड हजारच उरलेले असतात. सपाट दरात मात्र त्या महिन्यातही १८,००० चेच व्याज घेतात. जे पैसे तुम्ही परत केले, त्यांचेही भाडे तुम्ही भरता. सपाट बारा टक्क्यांचा खरा दर सुमारे साडेएकवीस टक्के होतो.

म्हणून दर किती, एवढेच विचारून थांबू नका. दर सपाट की घटत्या शिलकीवर, हे विचारा. उत्तर कळले नाही, तर हप्त्याला महिन्यांनी गुणा. आलेल्या आकड्यातून कर्जाची रक्कम वजा करा. उरेल ते व्याज. गुणाकार आणि वजाबाकी कोणाला फसवत नाही.

५. आधी काय संपेल : कर्ज की टायर?

हप्ता लहान करायचा एक सोपा उपाय दुकानदार सांगतो. "बारा जमत नाहीत ना? मग चोवीस करा."

हिशेब पाहू. १८,००० रुपये, सपाट १२ टक्के, दोन वर्षे. व्याज ४,३२० रुपये. एकूण २२,३२० रुपये. हप्ता फक्त ९३० रुपये. मन लगेच हो म्हणते.

पण थांबा. टायर किती दिवस चालणार? समजा, टायर ४०,००० किलोमीटर चालतो. भाऊची गाडी रोज १०० किलोमीटर जाते. म्हणजे टायर ४०० दिवस चालणार. महिन्याला कामाचे २५ दिवस धरले, तर १६ महिने झाले. सोळाव्या महिन्यात टायर संपला. कर्जाचे मात्र आठ हप्ते बाकी आहेत. ९३० गुणिले ८ म्हणजे ७,४४० रुपये. ते अशा टायरसाठी भरायचे, जो भंगारात गेला आहे. आणि नव्या टायरसाठी पुन्हा नवे कर्ज. एका गाडीवर दोन कर्जे बसली. पुढच्या वेळी तीन बसतील. कष्टाळू माणसेही कर्जात रुततात, ती अशीच.

यावरून एक नियम ध्यानात ठेवावा. वस्तू संपण्यापूर्वी तिचे कर्ज संपले पाहिजे. घराचे कर्ज वीस वर्षांचे चालेल, कारण घर त्याहून जास्त टिकते. टायरचे कर्ज टायरच्या आयुष्याहून लहानच हवे.

६. सही करण्यापूर्वी

पूर्वी निरक्षर माणूस अंगठा लावत असे. कागदात काय आहे ते त्याला कळत नसे. आज तुम्हाला वाचता येते. मग न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत काय फरक राहिला?

आता कर्ज घेणाऱ्याच्या बाजूने एक चांगला नियम झाला आहे. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ रोजी तो काढला. १ ऑक्टोबर २०२४ पासून घेतलेल्या नव्या कर्जांना तो लागू झाला. बँक असो, सहकारी बँक असो की रिझर्व्ह बँकेच्या नियमाखालची कर्ज देणारी कंपनी असो, तिने सहीपूर्वी कर्जदाराला एक कागद द्यावयाचा असतो. त्याला मुख्य तथ्य विवरण म्हणतात. तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असला पाहिजे. म्हणजे तुम्हाला मराठी येत असेल, तर मराठीत मागा. मागण्यात संकोच करू नका. हा तुमचा हक्क आहे.

त्या कागदात पुढील गोष्टी शोधा :

कर्जाची रक्कम किती? त्यातून कापून घेऊन हातात किती देणार?
वार्षिक टक्केवारी दर किती? यात व्याज आणि इतर खर्च दोन्ही धरलेले असतात. दोन कर्जांची तुलना याच आकड्याने करावी.
हप्ता किती, किती महिने आणि कोणत्या तारखेला?
हप्ता चुकला तर दंड किती?
मुदतीपूर्वी कर्ज फेडले तर काही आकार आहे का?
विमा किंवा दुसरी एखादी वस्तू गळ्यात घातली आहे का?

जो आकार या कागदात लिहिलेला नाही, तो पुढे तुमची उघड संमती घेतल्याशिवाय लावता येत नाही. साध्या कर्जात हा कागद मिळाल्यावर विचार करायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात. म्हणून "आजच सही करा, उद्या योजना बंद" असे कोणी म्हणाले, तर घाबरू नका. कागद घरी न्या. मुलाला, शेजारच्या मास्तरांना दाखवा. क्रेडिट कार्डाच्या बाकीला मात्र हा नियम लागू नाही. तेथे कार्डाचा आणि हप्त्याचा कागद वेगळा मागून वाचावा.

हप्त्याची तारीख आपल्या कमाईच्या तारखेनंतरची ठेवा. पगार ७ तारखेला होत असेल, तर हप्ता १० तारखेला असावा. खात्यात पैसे नसताना हप्ता आला, तर तो परत जातो. मग बँकही आकार लावते आणि कर्ज देणाराही दंड लावतो. शिवाय चुकलेल्या हप्त्याची नोंद सिबिलसारख्या संस्थांकडे जाते. पुढे मुलीच्या शिक्षणासाठी किंवा नव्या गाडीसाठी कर्ज मागायला गेलात, की ती नोंद समोर येते. आपली नोंद वर्षातून एकदा फुकट पाहता येते. ती पाहावी.

काही अन्याय झाला असे वाटले, तर आधी त्या बँकेला किंवा कंपनीला लेखी तक्रार द्या. तिची पोच ठेवा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही.

७. सावकार आणि मोबाईल

अडल्या वेळी सावकार लवकर पैसे देतो. कागद कमी मागतो. म्हणून लोक त्याच्याकडे जातात. तो म्हणतो, "शेकडा पाच." ऐकायला पाच लहान वाटतात. पण हे पाच महिन्याचे आहेत. वर्षाचे साठ झाले. १८,००० रुपयांवर महिन्याला ९०० रुपये नुसते व्याज. वर्षभर ते भरले, तर १०,८०० रुपये गेले. आणि मुद्दल? १८,००० रुपये जसेच्या तसे उभे!

महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ साली नव्याने झाला. त्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. परवाना असला, तरी सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपले जुने लोक यालाच दामदुपटीचा नियम म्हणत. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कचेरीत करावी. कोणालाही कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नये. गाडीचे आरसी पुस्तक गहाण म्हणून हाती देऊ नये.

आता मोबाईलमध्येही सावकार आला आहे. बटण दाबले की पैसे. येथेही नियम आहेत. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोणती, हे त्या ॲपने सांगितले पाहिजे. पैसे थेट तुमच्या बँक खात्यात आले पाहिजेत. तुमच्या मोबाईलमधील नातेवाइकांचे नंबर आणि फोटो त्याने मागता कामा नये. जे ॲप ते मागते, त्यापासून दूर राहावे. उद्या हप्ता चुकला, तर ते तुमच्या साऱ्या गणगोतात तुमची अब्रू घालवील.

याहून बरी वाट म्हणजे आपली पतसंस्था किंवा सहकारी बँक. बायको बचत गटात असेल, तर तेथेही कमी व्याजाने कर्ज मिळू शकते. मात्र तेथेही दर विचारा, पावती घ्या आणि पासबुकात नोंद करून घ्या. ओळखीच्या ठिकाणी हिशेब मागितला, तर ओळख तुटत नाही. हिशेब नसला की मात्र तुटते.

८. हप्ता थांबवू नका, त्याचा पत्ता बदला

आता या धड्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट सांगतो. कर्जातून बाहेर कसे पडावे?

भाऊने घटत्या शिलकीचे कर्ज घेतले. महिन्याला १,६०० रुपये. बारा महिन्यांत कर्ज फिटले. टायर अजून चार महिने चालणार आहेत. पुष्कळ लोक येथे सुटकेचा श्वास घेतात, आणि ते १,६०० रुपये कशात तरी खर्च होऊन जातात. तसे करू नका. त्या चार महिन्यांतही १,६०० रुपये भरत राहा. फक्त ते कंपनीकडे न भरता आपल्या बँकेच्या खात्यात भरा.

पहिले टायर : कर्ज १८,०००. फेडून झाल्यावर चार महिने बचत, ६,४०० रुपये.
दुसरे टायर : १८,००० वजा ६,४००. कर्ज फक्त ११,६००. ते सुमारे १,५१६ च्या हप्त्याने आठ महिन्यांत फिटते. पुढचे आठ महिने बचत, १२,८०० रुपये.
तिसरे टायर : १८,००० वजा १२,८००. कर्ज फक्त ५,२००. ते चार महिन्यांत फिटते. पुढचे बारा महिने बचत, १९,२०० रुपये.
चौथे टायर : रोखीने! वर १,२०० रुपये शिल्लक.

एवढे व्हायला चार वर्षे लागतात. महिन्याला १,६०० पेक्षा एक रुपया जास्त लागत नाही. टायरचा भाव थोडा वाढेल हे खरे. पण रोखीने घेणाऱ्याला सूटही मिळते. मघा दुकानदार रोखीला १,२०० रुपये सोडायला तयार होता, ते आठवा.

ज्यांचे टायर आज चांगले आहेत, त्यांचे काम आणखी सोपे आहे. १८,००० रुपयांना ४०,००० किलोमीटरने भागा. एका किलोमीटरला ४५ पैसे आले. १०० किलोमीटर चाललात, तर ४५ रुपये. डिझेलचे पैसे जसे आपण वेगळे काढतो, तसे हे ४५ रुपये रोज वेगळे काढा. महिन्याचे १,१२५ झाले. सोळा महिन्यांत बरोबर १८,००० होतात. टायर रोज झिजतो. मग त्याचे पैसेही रोज साठले पाहिजेत.

हे पैसे घरच्या डब्यात ठेवू नका. पाहुणा आला, आजार आला, की डबा रिकामा होतो. बँकेत आवर्ती ठेव काढा. बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. भिशीची सवय चांगली आहे, पण भिशी चालवणारा उठून गेला तर दाद मागणे कठीण जाते.

आणि टायर जितका जास्त चालेल, तितकी बचत जास्त. पंधरा दिवसांनी गार टायरमध्ये हवा तपासा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल करा. हवा किती भरावी ते गाडीच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. वाचता येणाऱ्याला ते कोणाला विचारावे लागत नाही.

ध्यानात ठेवा

संपलेल्या टायरवर गाडी चालवू नये.
आधी विचारा : रोख दिले तर कितीला?
हप्ता पाहू नका. हप्ता गुणिले महिने, हा आकडा पाहा.
टायर संपण्यापूर्वी त्याचे कर्ज संपले पाहिजे.
कागद मराठीत मागा, वाचा, मगच सही करा.
कर्ज फिटल्यावर हप्ता आपल्या खात्यात भरा.

शब्दांचे अर्थ

मुद्दल : कर्जाऊ घेतलेली मूळ रक्कम.
सपाट दर : पूर्ण रकमेवर पूर्ण मुदतीचे व्याज.
घटती शिल्लक : फेडीनंतर उरलेले मुद्दल.
आवर्ती ठेव : दर महिन्याला ठरावीक रक्कम भरण्याची ठेव.

प्रश्न

१. टायरच्या खाचांचा उपयोग काय?
२. टायरवर ०८२४ असे आकडे आहेत. तो केव्हा बनला?
३. "शून्य व्याज" असे सांगितल्यावर कोणते दोन प्रश्न विचारावेत?

हिशेब करा

१. एका रिक्षावाल्याला तीन टायरसाठी ६,००० रुपये हवे आहेत. दहा महिने, दरमहा ६९० रुपये हप्ता सांगितला. कागदाचा खर्च २३६ रुपये. त्याला एकूण किती जादा द्यावे लागतील?
२. सावकाराने ६,००० रुपये शेकडा पाच दराने दिले. दहा महिन्यांचे नुसते व्याज किती?
३. तुमच्या गाडीचे टायर किती रुपयांचे आहेत? ते किती किलोमीटर चालतात? एका किलोमीटरला किती पैसे पडतात, ते काढा आणि आजच्या तारखेसह वहीत लिहून ठेवा.